दुधी काचेतला पदर

अण्णा उलटे लटकले होते. पाय वर, टोपी खाली आणि दोन्ही हातांत ताणून धरलेलं वर्तमानपत्र. काळ्या फडक्याच्या आत माझ्या कानशिलांवरून घाम निथळत होता आणि समोरच्या दुधी काचेवर माझे वडील वटवाघळासारखे, काही तक्रार न करता, टांगलेले होते.

“दिसतंय का काही?” त्यांनी विचारलं. आवाज तेवढा सुलटा आला.

“दिसताय. भुरकट दिसताय.”

“मग आता?”

आता काय, ते मला ठाऊक नव्हतं. ते बाहेर स्टुलावर बसलेल्या माईंना ठाऊक होतं, आणि माईंनी आयुष्यात एकदाही कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं नव्हतं.

माई म्हणजे अष्टेकर फोटोग्राफरांच्या पत्नी. येवल्यात त्यांचा स्टुडिओ होता आणि सासर सोडून आल्यापासून मी तिथं रिटचिंगचं काम करत होते. अष्टेकर तेव्हाही मोठे फोटो काचेच्या प्लेटवर काढत. प्लेटच्या एका अंगाला औषधाचा थर असतो, त्यावर चित्र उमटतं. ती प्लेट उजेडापुढं धरायची आणि टोकदार पेन्सिलीनं त्या थरावर हलके हलके ठिपके देत चेहऱ्यावरचे डाग बुजवायचे. तालुक्यातल्या निम्म्या लग्नाळू मुलींचे मुरूम मी असे घालवले आहेत. माझं स्वतःचं लग्न काही त्यानं टिकलं नाही, पण ते पेन्सिलीचं काम नव्हतंच.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी अष्टेकर गेले. कॅमेरा मागं राहिला. सागवानी चौकटी, मधे चामड्याचा काळा भाता, पुढं भिंग, मागं दुधी काच, आणि हे सगळं तीन लाकडी पायांवर उभं. लहान मूल घाबरावं असं ते प्रकरण होतं. मीही थोडी घाबरूनच होते. पण अण्णांना त्याच कॅमेऱ्यातून निघालेला एक फोटो हवा होता.

अण्णा पैठणीचे विणकर. त्यांचे वडील, आमचे तात्या, त्यांच्याहून नावाजलेले. तात्या नक्षी कागदावर काढत नसत. ती त्यांच्या बोटांत असायची, आणि ते गेले तेव्हा त्यांचा पदर त्यांच्याबरोबर गेला. त्या पदरात आसावलीची वेल होती आणि वेलीखाली मुनियांची, म्हणजे बारक्या हिरव्या पोपटांची, एक ओळ. हे सगळ्यांना आठवायचं. वेल कुठं वळते, किती धाग्यांनंतर पान फुटतं, हे कुणालाच आठवत नव्हतं. अण्णांनी तो पदर नुसत्या आठवणीवर विणायला घेतला होता आणि अर्ध्यातच मागावरून कापून टाकला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, “वेल कुठली गं, गवत उगवलंय.” त्यांचे डोळे आणखी थोडी वर्षं साथ देतील असं डॉक्टर म्हणत होते. तेवढ्यात तो पदर पुन्हा एकदा मागावर चढावा, एवढीच त्यांची इच्छा होती. बोलून दाखवत नव्हते, पण घरात आम्हा सगळ्यांना ती ऐकू यायची.

तात्यांच्या हातची एकच पैठणी आसपास उरली होती, अंदरसूलच्या शेवंताबाई निकमांकडे. त्यांच्यात ती आजीकडून लेकीच्या लेकीला जायची. मधल्या पिढीनं नुसतं बघायचं. आता शेवंताबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं, नवरी बडोद्याला जाणार होती आणि पैठणीही तिच्याबरोबर. घराबाहेर देणार नाही, पण हळदीच्या दिवशी दुपारी येऊन बघा, हवा तर फोटो काढा, असा त्यांचा निरोप आला. साध्या कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो त्यांनी आधी पाठवला होता. फोटो चांगला होता, शेवंताबाई पदर पुढं घेऊन झकास हसत होत्या. पण त्यावर भिंग धरलं की धाग्यांऐवजी नुसता रवा दिसायचा. मोठ्या प्लेटवर धागा न धागा वेगळा दिसतो. आमच्याकडे कॅमेरा होता, प्लेटांचा शेवटचा डबा होता. कॅमेऱ्यामागचा माणूस तेवढा नव्हता.

“वच्छे, तू काढशील का?” अण्णांनी विचारलं. दळण आणशील का, असं विचारावं तसं.

म्हणून मी स्टुडिओच्या मागच्या अंगणात त्या फडक्यात शिरले होते.

अष्टेकरांना फडक्याच्या आत बोलायची सवय होती. गिऱ्हाइकांशी नव्हे, स्वतःशी. माईंनी आयुष्यभर बाहेर उभं राहून, नवरानवरींच्या माना सरळ करत आणि पोरांपुढं खुळखुळा वाजवत ते ऐकलं होतं. त्यांना सगळं क्रमानं पाठ होतं, फक्त कशाला काय म्हणायचे ते ठाऊक नव्हतं.

“आधी ‘काय मेलं भुरकट’ म्हणायचे,” माई म्हणाल्या. “ते तुझं झालं. मग चक्री फिरवल्याचा आवाज यायचा. आणि मग म्हणायचे, ‘आलं, आलं, गेलं. मागं ये.’”

मी चक्री फिरवली. भाता कुरकुरला. काचेवरच्या धुक्यातून वर्तमानपत्राच्या ओळी हळूहळू वर आल्या, काळ्या झाल्या, अक्षरं सुटी झाली आणि पुन्हा विरघळली. आलं, आलं, गेलं. मी चक्री उलटी फिरवली आणि अक्षरं परत आली. गेल्याशिवाय आलं होतं ते कळत नाही, एवढं मला त्या पहिल्या दुपारी समजलं.

“पुढं?” मी आतून ओरडले.

“पुढं ‘कडा बघ, कडा. मधलं तर शेंबडं पोरसुद्धा बघेल.’”

कडा बघितल्या. मधोमध ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती लख्ख होत्या, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष वगैरे, कोपऱ्यांतल्या वधू मात्र पार पाण्यात पडल्या होत्या. चक्रीनं एक कोपरा धरला की दुसरा सुटायचा. मी वैतागून बाहेर आले. माईंना विचारलं, इथं अष्टेकर काय करायचे?

माईंनी आठवून पाहिलं. इथं ते बाहेर यायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘किती वाकडं उभं राहायचं माणसानं.’ माई लगेच सरळ व्हायच्या.

मी कॅमेऱ्याकडे बाजूनं पाहिलं. तो कागदाला तिरपा उभा होता. एक पाय मातीत रुतला होता आणि मागची चौकट दारूड्यासारखी कलली होती. पाय उचलला, चौकट कागदाशी समांतर केली, पुन्हा आत शिरले. चारही कोपऱ्यांतल्या वधू एकदम शुद्धीवर आल्या.

“माई, ते कॅमेऱ्याला म्हणायचे.”

“होय?” माई म्हणाल्या. “आणि मी आपली ताठ उभी राहून राहून पाठ धरून घेतली.”

त्या दिवशी मी त्यांना आग्रहानं फडक्यात घातलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. “ह्यांनी मला कधी आत बोलावलं नाही आणि मीही गेले नाही,” म्हणाल्या. मग डोकं आत गेलं ते बराच वेळ बाहेर आलं नाही. बाहेर आल्या त्या पदर सावरत. “सगळं उलटंच दिसतं की गं. तरीच. घरी ताटात समोर वाढलेलं मीठ सापडायचं नाही त्यांना.” आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा यायला नेहमीपेक्षा उशीर लागला.

पुढं रोज दुपारी अण्णा वर्तमानपत्र घेऊन उभे राहायचे, मग वर्तमानपत्राऐवजी आईचं लुगडं आलं, कारण कागदापेक्षा कापड अवघड. कापड झोल धरतं. मी दुधी काचेवर भिंग टेकवून एकेक धागा शोधायला शिकले. आणि मग एका दुपारी भिंग जरा जास्तच टेकवलं आणि काच फोडली.

मला वाटलं, संपलं. माई म्हणाल्या, त्यात काय, ह्यांनीही फोडली होती, तेव्हा घरीच केली. एक वाया गेलेली प्लेट घ्यायची, गरम पाण्यात सोडा घालून तिचा थर काढायचा, स्वच्छ काच झाली की तिच्यावर धार लावणाऱ्याकडची एमरी पावडर आणि पाणी घालून वर दुसरी काच फिरवत बसायचं. बसले. संध्याकाळपर्यंत अंगणात खर्र-खर्र चाललं होतं. एक बाजू छान दुधी झाली, दुसरी गुळगुळीत राहिली. चौकटीत बसवताना मी माझी एक सोय करून घेतली: खरखरीत बाजू माझ्याकडे घेतली. पेन्सिल त्याच बाजूवर उठते, हे रिटचिंगवालीला सांगायला नको. पदराची कड सरळ आहे की नाही ते कळावं म्हणून मी तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून घेतल्या. रेघा सुरेख उठल्या. अष्टेकरांनाही हे सुचलं नव्हतं, असं मनात येऊन मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी डार्करूमच्या अंधारात प्लेटा भरल्या. थराची बाजू ओळखायला प्लेटचा कोपरा ओठांना लावतात, चिकटतो ती थराची. लाकडी होल्डरच्या दोन अंगांना दोन प्लेटा. डब्यात चांगल्या तेवढ्याच उरल्या होत्या. माझे हात सवयीनं झरझर चालले.

एसटीत कॅमेरा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरला ती हार्मोनियम वाटली. भजनी मंडळ कुठलं, त्यानं विचारलं. माईंनी येवल्याचं म्हणून सांगितलं आणि तिकिटं घेतली. माईंनी येण्याची गरज नव्हती, पण त्या ऐकायला तयार नव्हत्या. “मोजायचं कोण मग?” भिंग उघडल्यावर ते किती वेळ उघडं ठेवायचं, हे अष्टेकर घड्याळावर मोजत नसत. ‘एक अष्टेकर, दोन अष्टेकर’ असं मोजत, आणि ते माईंइतकं त्यांच्या चालीत कुणालाच येत नव्हतं.

निकमांच्या दारात मांडव, आत बायकांची गर्दी, हळदीचा वास. शेवंताबाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, फोटोग्राफर मागून येतोय का? अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

“ही?”

“माझी मुलगी.”

“अगं बाई.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. “बरं. हात धुवा सगळ्यांनी.”

अण्णांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मागच्या पडवीत एक लांब बांबू आडवा बांधला होता. शेवंताबाईंनी घडी उलगडली आणि दोघी बायकांनी मिळून पदर बांबूवरून सोडला.

अण्णा जवळ गेले नाहीत. हात पाठीमागं बांधून लांबच उभे राहिले, देवळात गर्दी असली की राहतात तसे. मग एकेक पाऊल करत पुढं आले. वेलीवरून त्यांची नजर इतकी सावकाश चालली होती की बायका कुजबुजायच्या थांबल्या. मुनियांच्या ओळीशी आल्यावर ते एकदम हसले आणि मला बोलावलं. सगळ्या मुनिया डावीकडे बघत होत्या. फक्त उजव्या टोकाची शेवटची मान वळवून मागं बघत होती.

“हे विसरलोच होतो मी,” ते म्हणाले. “ओळ संपत आली की कंटाळायचे तात्या. काहीतरी खोडी काढायचे.”

मी फडक्यात शिरले.

पदर काचेवर उलटा टांगलेला आला, वेल वरून खाली उतरणारी. आलं, आलं, गेलं, मागं ये. कडा. कॅमेऱ्याचा एक पाय फरशीच्या फटीत होता, तो काढला. माझ्या पेन्सिलीच्या रेघांवर पदराची कड अगदी बरोबर बसली. भिंग हलक्या हातानं टेकवलं आणि कोपऱ्यातल्या एका पानाकडे पाहिलं. हिरवा धागा जिथं जरीला मिठी मारून परत फिरतो, ती जागा दिसत होती. मी श्वास सोडायला घाबरत होते. बाहेर एक पोरगी विचारत होती, ही बाई तोंड का लपवते, आणि कुणीतरी सांगत होतं, लाजते.

कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड बंद केलं, आतलं भोक बारीक केलं, दुधी काचेच्या जागी होल्डर सरकवला, त्याचं पुढचं झाकण ओढलं. शेवंताबाईंनी सगळ्यांना आत पिटाळलं आणि स्वतः दारात पहारा देत बसल्या. मी भिंग उघडलं आणि माईंनी मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि पदराचं खालचं टोक जरासं उचललं गेलं. माई मोजत राहिल्या, पण त्यांचा आवाज उतरला.

होल्डर फिरवून दुसरी प्लेट लावली. अण्णा वाऱ्याच्या बाजूला जाऊन धोतर पसरून उभे राहिले. या वेळी काही हललं नाही. माईंचे अष्टेकर संपले आणि मी भिंग बंद केलं. शेवंताबाईंनी विचारलं, झालं एवढ्यात? त्यांच्या मते निदान एकदा तरी ‘हसा’ म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी डार्करूमच्या लाल उजेडात पहिली प्लेट धुतली. पदर होता, पण झुळकीत विरघळलेला. दुसरी तबकात टाकली. बराच वेळ काही नाही. मग कोऱ्या काचेवर एक काळी वेल सरपटत आली. पक्की झाल्यावर दिवा लावला, भिंग लावलं. धागे होते. मधे होते, कोपऱ्यात होते, सगळीकडे होते. मी तिथंच ओल्या फरशीवर फतकल मारून बसले आणि माईंना हाक मारली. त्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दाराला टेकून डोळे पुसले. प्लेट बघायचं त्यांना सुचलंच नाही.

प्लेट सुकवून, तिचा थर छपाईच्या कागदाला भिडवून, उन्हात छापून, फोटो अण्णांच्या हातात पडला तोवर नवरी बडोद्याला पोचली होती.

अण्णा खिडकीशी बसले. भिंग लावून वेलीच्या शेंड्यापासून खाली खाली आले. त्यांची बोटं मांडीवर धागे मोजत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन उगाचच उभी होते. मुनियांशी येऊन ते थांबले.

“वच्छे, ही इकडं कशी आली?”

मान वळवलेली मुनिया फोटोत डाव्या टोकाला होती.

मी तांब्या ठेवून खाली बसले. प्लेट होल्डरमध्ये उलटी गेली होती. ती कशी गेली तेही मला त्याच क्षणी कळलं. रिटचिंग करताना प्लेट उचलली की थर आपल्याकडे, वर. वर्षानुवर्षं माझ्या हातांना तेवढंच ठाऊक. होल्डर मात्र पुस्तकासारखा मधून उघडतो, त्यात थर खाली तोंड करून जायला हवा. अंधारात हातांनी त्यांना येत होतं तेच केलं होतं. त्यामुळं चित्र काचेच्या पाठीकडून आत शिरलं आणि आरशातल्यासारखं डावं-उजवं झालं. प्लेट पालथी घालून छापावं, तर काचेची जाडी मधे येऊन धागे पुन्हा भुरकट. आणि पैठणी बडोद्याला.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. “सगळा पदर उलटा झाला, अण्णा. काही उपयोगाचा नाही.”

अण्णांनी फोटो खाली ठेवला. “उलटा म्हणजे? पाठीमागून बघितल्यासारखा?”

“हो.”

ते उठले. फळीवरून काहीतरी काढून त्यांनी माझ्या मांडीवर टाकलं. त्यांनी मागावरून कापलेला तो पदराचा तुकडा होता. मला वाटत होतं तो कधीच फेकून दिला असेल.

“यातली सुलटी बाजू कुठली, सांग.”

मी तुकडा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि मग मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की दोन्हीचं मिळून हसूच आलं. पैठणीला उलटी बाजू नसते. जो धागा पुढं, तोच मागं. येवल्यात जन्मलेल्या पोरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाळण्यात होते तेव्हापासून ठाऊक होतं. पण त्या घटकेला मी विणकराची मुलगी नव्हते, फोटोग्राफर होते, आणि तीही अर्धीमुर्धी.

“मागून बघितला काय अन् पुढून बघितला काय,” अण्णा म्हणाले. “पदर तोच. मुनियेला इकडं बसायचं असंल तर बसू दे.”

मी हसता हसता रडायला लागले तशी आईनं आतून विचारलं, काय झालं?

“काही नाही,” अण्णा म्हणाले. “पोरीला पैठणी समजली.”

रात्री छान झोप लागली, पण सकाळी उठले ती एक कोडं घेऊन. चित्र डावं-उजवं झालं ते झालं. पण प्लेट उलटी होती, तर ते स्वच्छ कसं आलं? दुधी काचेची खरखरीत बाजू जिथं असते, चित्र आपण तिथं पाहतो. प्लेटचा थर नेमका त्याच जागी यावा लागतो. प्लेट उलटी घातली की थर काचेच्या जाडीएवढा मागं पडतो. तेवढ्यानं धागे पुसले जायला हवे होते. पुसले नव्हते.

स्टुडिओत जाऊन मी कॅमेऱ्याची मागची चौकट उघडली आणि काचेवर नख फिरवलं. खर्र.

खरखरीत बाजू माझ्याकडे होती. मीच घेतली होती, रेघा मारायला. ती पुढं, भिंगाकडे असायला हवी होती. म्हणजे मी चित्र पाहिलं होतं तेही काचेच्या जाडीएवढं मागं, आणि प्लेटवर उमटलं तेही काचेच्या जाडीएवढंच मागं. दोन्ही काचा एकाच जातीच्या प्लेटांच्या. केसाचाही फरक नाही.

मी माईंना दोन काचा हातात घेऊन समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे यातली एकच चूक केली असतीस तर?”

“सगळं वाया गेलं असतं.”

माईंनी काच उजेडाकडे धरून माझ्या पेन्सिलीच्या रेघा पाहिल्या.

“मग बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या, “नीट शिकली नव्हतीस ते.”

काच मी सुलटी करून बसवली. त्या कॅमेऱ्यानं पुढं मी पुष्कळ फोटो काढले, बरेचसे बरोबर. पण इतक्या स्वच्छ कडा पुन्हा आल्या की नाहीत, याची मला अजून शंका आहे.

घरी मागावर नवा ताणा चढला होता. एकदा फोटो आणि एकदा कापड, असं वरखाली बघणं अण्णांच्या डोळ्यांना झेपेना. मग मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले, फोटोवर भिंग धरलं आणि गडद तो हिरवा, उजळ ती जर असं धरून वाचू लागले. हिरवा इतके, जर इतके, पुन्हा हिरवा. त्यांच्या हातातल्या रंगीत धाग्यांच्या तिल्ल्या ताण्यातून जायच्या, थांबायच्या, पुढच्या आकड्याची वाट बघायच्या. कधी मी चुकायचे, तेव्हा ते धागा मागं घ्यायचे. सुरुवातीला वेल सरळ वर जात होती. मग फोटोत एका बाजूचे धागे कमी व्हायला लागले, दुसऱ्या बाजूचे वाढायला लागले, आणि मी जे दिसेल ते तसंच वाचत गेले.

“थांब,” अण्णा म्हणाले.

ते मागं रेलले. कापडावर वेल उजवीकडे वळली होती, अगदी जराशी, आणि त्या वळणाच्या पोटात पानाचं टोक निघालं होतं.

“इथं वळायचे होय,” ते म्हणाले. माझ्याशी नाही, तात्यांशीच बोलल्यासारखं. त्यांनी त्या वळणावरून अंगठा फिरवला, टोपी काढून घाम पुसला आणि पुढची तिल्ली उचलली.

“वाच पुढं.”